नंबर जुळतो, तरी पुसट दिसते

पत्राचा सारांश: चष्म्याच्या दुकानात अलीकडेच काम करू लागलेल्या एका वाचकाचे हे पत्र आहे. साधारण साठीचे एक गृहस्थ आजवर दूरचा आणि वाचनाचा असे दोन वेगळे चष्मे वापरत होते. डोळे तपासून घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच लेन्समधून वर दूरचे आणि खाली जवळचे दाखवणारा चष्मा, करून घेतला आणि ‘लांबचे पुसट दिसते, जुन्यातून बरे दिसायचे’ ही तक्रार घेऊन ते पुन्हा पुन्हा दुकानात येत आहेत. वाचकाने लेन्सोमीटरवर, म्हणजे लेन्सचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, नंबर पाहिला, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळतो. डोळे तपासणारे डॉक्टर नंबर बरोबर असल्याचे सांगतात आणि दुकानातले वरिष्ठ ‘सवय होईल’ म्हणतात. ओघात आणखी दोन गोष्टी पत्रात आल्या आहेत. हे गृहस्थ लांबचे पाहताना हनुवटी खाली घेतात, आणि डोळे तपासले त्याच सुमारास त्यांची मधुमेहाची औषधे बदलली होती. वाचकाचा प्रश्न असा की, चिठ्ठीच चुकली आहे असे सांगून त्यांना दुसरीकडे तपासायला पाठवावे, अंदाजाने नंबर थोडा कमी करून लेन्स पुन्हा बनवाव्यात, की वरिष्ठांचे ऐकून थांबावे?

तुमच्या पत्राचा बराचसा भाग कोण बरोबर आणि कोण चूक या विवंचनेत गेला आहे, आणि खरी उपयोगी माहिती मात्र तुम्ही जाता जाता एकेका वाक्यात सांगून टाकली आहे. हनुवटी आणि औषधे या त्या दोन गोष्टी. तुम्ही सुचवलेले तिन्ही मार्ग दोष कुठे आहे हे आधीच ठाऊक असल्यासारखे आहेत. पहिला तो चिठ्ठीत आहे असे मानतो, दुसरा नंबराच्या मापात, तिसरा पेशंटच्या स्वभावात. यांपैकी एकही गोष्ट अजून तपासलेली नाही. तेव्हा मार्ग निवडण्याआधी दोष शोधण्याचे काम करावे लागेल, आणि त्यातले निम्म्याहून अधिक काम तुमच्या टेबलावर, नवी लेन्स न मागवता होण्यासारखे आहे.

‘लेन्सोमीटरवर नंबर जुळला’ या वाक्यावर तुमची सारी भिस्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. लेन्सोमीटर लेन्सच्या एका विशिष्ट जागेची शक्ती मोजतो. ती लेन्स चेहऱ्यावर कुठे बसली आहे, डोळ्यापासून किती अंतरावर आहे, किती कललेली आहे आणि माणूस तिच्या कोणत्या भागातून पाहतो, यांतले काहीच त्याला कळत नाही. साध्या एकेरी नंबराच्या चष्म्यात ही उणीव पुष्कळदा खपून जाते, पण प्रोग्रेसिव्हमध्ये वरून खाली शक्ती बदलत जाते, त्यामुळे नंबर बरोबर असूनही डोळा चुकीच्या नंबरातून पाहत असणे सहज शक्य असते. शिवाय तुम्ही मोजले कुठे, हाही प्रश्न आहेच. दूरचा नंबर फिटिंग क्रॉसवर (बाहुलीची जागा दाखवणाऱ्या लेन्सवरच्या फुलीवर) नव्हे, तर त्याच्या वर असलेल्या वर्तुळात मोजायचा असतो. काही आधुनिक लेन्स फ्रेमचा कल आणि अंतर हिशेबात धरून बनवतात, तेव्हा यंत्रावर येणारा आकडा चिठ्ठीपेक्षा किंचित वेगळा असणेच अपेक्षित असते आणि तो लेन्सच्या पाकिटावर छापलेला असतो. याच्या उलट कागदावर वेगळे दिसणारे दोन नंबर प्रत्यक्षात एकच असू शकतात. +१.०० ला −०.५० सिलिंडर ९० अंशांवर, आणि +०.५० ला +०.५० सिलिंडर १८० अंशांवर, ही एकाच लेन्सची दोन लेखने आहेत (सिलिंडर म्हणजे एका ठराविक दिशेपुरता असलेला नंबर, आणि अंश त्याचा अक्ष, म्हणजे रोख, सांगतात). म्हणून नंबर पुन्हा एकदा, योग्य जागी, दोन्ही डोळ्यांचा स्वतंत्रपणे मोजा, आणि डाव्या-उजव्या लेन्सची अदलाबदल झालेली नाही ना, ऑर्डर लिहिताना ८० चे १८० झाले नाहीत ना, हेही पाहून घ्या. अशा लिहिण्यातल्या चुका वाटतात त्यापेक्षा जास्त होतात.

यानंतर पेशंटशी बोलायचे. ‘पुसट दिसते’ एवढ्या तक्रारीवरून कोणालाच निदान करता येणार नाही. कोणत्या डोळ्याने पुसट दिसते? एकेक डोळा झाकून त्यांनी हे कधी पाहिलेच नसेल, तर तुमच्यासमोर पाहू द्या. किती अंतरावरचे? लांबची पाटी, हातभर अंतरावरचा पडदा आणि हातातले पुस्तक या तिन्हींचे उत्तर वेगवेगळे येऊ शकते. समोर सरळ पाहताना, की कडेला? दिवसभर सारखेच, की संध्याकाळी जास्त? डोळ्यांची उघडझाप केल्यावर क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर होत असेल, तर डोळ्यांच्या कोरडेपणाकडे पाहावे लागेल आणि लेन्स बदलून काही साधणार नाही. अक्षर पुसट आहे, दुहेरी आहे, की स्पष्ट असूनही वाकडे किंवा तरंगते आहे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वरिष्ठांच्या सल्ल्याशी जोडलेले आहे, त्याकडे पुढे येतोच. विचारताना त्यांच्या तोंडी उत्तर घालू नका. ‘कडेला हलल्यासारखे वाटते ना?’ असे विचारले की बहुतेक जण भिडेपोटी हो म्हणतात.

आता हनुवटी. कोणी दुरून पाहताना हनुवटी खाली घेतो, तेव्हा त्याची नजर लेन्सच्या वरच्या भागातून जाते. प्रोग्रेसिव्हमध्ये फिटिंग क्रॉस बाहुलीच्या बरोबर समोर यावा लागतो, आणि त्याच्या खाली वाचनासाठीची जादा प्लस शक्ती हळूहळू वाढू लागते. क्रॉस दोन-तीन मिलिमीटर वर बसला, तर सरळ समोर पाहणारा डोळा या वाढत्या पट्ट्यात सापडतो, पाव डायॉप्टर (डायॉप्टर म्हणजे नंबराचे एकक) किंवा त्याहून जास्त प्लस त्याच्यासमोर येते आणि लांबचे पुसट होते. मग माणूस नकळत मान वाकवून त्यातून वाट काढतो. क्रॉस खाली बसला असता तर लांबचे ठीक दिसले असते, पण वाचताना हनुवटी उचलावी लागली असती. तुमच्या पत्रातले वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळते. ही माझी शंका आहे, निदान नाही, कारण पेशंट माझ्यासमोर नाही.

ही शंका तपासायला एक सोपी रीत आहे. त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवा, चष्म्याला हात लावू न देता हनुवटी हळूहळू खाली घ्यायला सांगा, आणि किती ओळी वाढतात ते पाहा. मान वाकवल्यावर अक्षरे पूर्ण स्वच्छ झाली, तर दूरचा नंबर ठीक आहे आणि लेन्सची जागा चुकली आहे असे धरायला भक्कम आधार मिळतो. थोडीशीच सुधारली आणि तिथेच थांबली, तर नंबरातही काही तरी आहे. चष्मा नाकावरून खाली सरकवून ही परीक्षा करू नका. तसे केल्याने लेन्सची उंची आणि डोळ्यापासूनचे अंतर ही दोन्ही एकदम बदलतात आणि सुधारणा कशामुळे झाली हे कळेनासे होते. लेन्स डोळ्यापासून दूर नेली की प्लस नंबर जास्त प्रभावी होतो आणि मायनस कमी.

नंतर लेन्सवर खुणा करा. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह लेन्सवर ३४ मिलिमीटर अंतराने दोन अगदी बारीक कोरलेल्या खुणा असतात. गडद पार्श्वभूमीवर, कडेने प्रकाश पाडून लेन्स तिरपी केली की त्या सापडतात. कानाकडच्या खुणेखाली सहसा ॲडिशनचा, म्हणजे वाचनासाठीच्या जादा प्लस शक्तीचा, आकडा असतो, तोही चिठ्ठीशी ताडून पाहा. या खुणांवर ठिपके द्या, त्या लेन्सच्या उत्पादकाच्या तक्त्यावर चष्मा ठेवा, फिटिंग क्रॉस पुन्हा काढा आणि चष्मा त्यांना घालायला द्या. तुम्ही त्यांच्या समोर, डोळ्याला डोळा समान उंचीवर येईल असे बसा. तुमचे स्टूल उंच असेल तर तुम्हाला क्रॉस खरोखर आहे त्याहून वेगळ्या जागी दिसेल, आणि माझा असा समज आहे की उंचीच्या मापातल्या बऱ्याच चुका या एका स्टुलामुळे होतात. गृहस्थांना त्यांच्या नेहमीच्या ढबीत बसू द्या. दुकानात माप देताना माणसे ताठ बसतात आणि घरी गेल्यावर खांदे सैल सोडतात.

क्रॉस वर दिसला, तर लगेच लेन्स फेकायचे कारण नाही. नाकावरचे पॅड थोडे फाकवले की फ्रेम खाली बसते, आणि एक-दोन मिलिमीटरचा फरक एवढ्याने भरून निघू शकतो. पॅड नसलेल्या प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये हे फारसे जमत नाही. तिथे नव्या मापाने लेन्स पुन्हा बनवाव्या लागतात, आणि त्या दुकानाने बनवून द्याव्यात हे माझ्या मते वादातीत आहे, कारण माप दुकानाने घेतले होते.

उंची बरोबर निघाली तर बाकीच्या शक्यता थोडक्यात सांगतो. दोन बाहुल्यांमधले अंतर एकत्र न मोजता नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचे वेगळे मोजलेले असावे, कारण प्रोग्रेसिव्हचा मधला पट्टा अरुंद असतो आणि पुष्कळांच्या चेहऱ्यात डावे-उजवे अंतर सारखे नसते. नंबर मोठा असेल तर लेन्सचा मध्य सरकल्याने प्रिझमचा परिणाम होतो, म्हणजे समोरचे दृश्य जागेवरून सरकल्यासारखे दिसते. सहा डायॉप्टरची लेन्स अर्धा सेंटीमीटर सरकली की तीन प्रिझम डायॉप्टर तयार होतात, आणि दोन डोळ्यांत वर-खाली असा फरक पडला तर तो फार थोडाही सहन होत नाही. चार डायॉप्टरच्या पुढे डोळा आणि लेन्स यांतल्या अंतरालाही महत्त्व येते. सिलिंडर असेल तर त्याचा अक्ष तपासा. अक्ष १० अंशांनी चुकला तर सिलिंडरच्या सुमारे एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो, आणि ३० अंशांनी चुकला तर सिलिंडर दिल्याचा काहीच लाभ उरत नाही. फ्रेम वेडीवाकडी होऊन एक बाजू वर गेली तरीही अक्ष फिरतो. चष्मा किंचित फिरवून धरल्यावर अक्षर टवटवीत होते का, हे पाहणे एका मिनिटाचे काम आहे.

‘जुन्यातून बरे दिसायचे’ या वाक्याने तुम्ही थोडे दुखावला आहात असे पत्रावरून जाणवते. तो टोमणा समजू नका, तो पुरावा आहे. जुना दूरचा चष्मा मागवून घ्या आणि नव्या शेजारी ठेवून मोजा. जुन्या लेन्समध्ये सगळीकडे एकच शक्ती होती, त्यामुळे कुठूनही पाहिले तरी चालत होते. नव्या लेन्सच्या दोन्ही कडांना खालच्या बाजूला धूसरपणा असतो, तो कोणत्याही प्रोग्रेसिव्हमध्ये पूर्णपणे टाळता येत नाही. जुन्या आणि नव्या नंबरात सिलिंडर किंवा अक्ष एकदम बदलला आहे का, लेन्सचा पदार्थ बदलला आहे का, हेही पाहा. पॉलिकार्बोनेट आघाताला चांगले टिकते, पण त्याचा ॲबे क्रमांक (हा जितका कमी, तितके लेन्समधून रंग जास्त फाकतात) ३० च्या आसपास असतो, तर साध्या सीआर-३९ प्लॅस्टिकचा ५८ च्या आसपास. मोठ्या नंबरात कडेने पाहताना अक्षरांना रंगीत किनार दिसते ती यामुळेच. आणि एक करा, जुन्या चष्म्यातून तक्त्यावरच्या ओळी खरोखर मोजा. ‘बरे दिसते’ ही आठवण आणि प्रत्यक्ष वाचलेली ओळ दर वेळी जुळतेच असे नाही.

आता औषधांची गोष्ट. तुम्ही ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवली होती, आणि हनुवटीची परीक्षा बिनखर्चाची असल्यामुळे मीही ती नंतर घेतली, पण तिचे महत्त्व कमी नाही. रक्तातली साखर बरीच वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगावर परिणाम होतो आणि चष्म्याचा नंबर तात्पुरता बदलतो. साखर वाढलेली असताना नंबर बहुधा मायनसकडे सरकतो आणि उपचार सुरू होऊन साखर उतरली की प्लसकडे येतो, व तो स्थिरावायला काही आठवडे लागू शकतात. त्यांचे डोळे साखर चढलेली असताना तपासले गेले असतील, तर त्या दिवसाचा नंबर त्या दिवसापुरता अचूक होता आणि आज तो त्यांचा नाही. डॉक्टर आपल्या जागी बरोबर, पेशंट आपल्या जागी बरोबर, असे घडू शकते ते यामुळे.

या दोन शक्यता वेगळ्या काढायला ट्रायल बॉक्समधल्या, म्हणजे तपासणीच्या सुट्या लेन्सच्या पेटीतल्या, दोन लेन्स पुरतात. एक डोळा झाकून, चष्मा नेहमीच्या जागी आणि मान सरळ ठेवून, नव्या चष्म्यासमोर आधी +०.५० आणि मग −०.५० धरा. मायनसने अक्षर स्पष्ट झाले, तर डोळ्यासमोर प्लस जास्त येत आहे, म्हणजे एकतर तो वाढत्या पट्ट्यातून पाहतो आहे किंवा दूरच्या नंबरातच प्लस जादा आहे, आणि या दोहोंतला निवाडा हनुवटीची परीक्षा करते. प्लसने स्पष्ट झाले, तर लेन्सची उंची त्याला कारण नाही, साखरेची शंका बळावते. साठीत डोळ्याची जवळ-दूर जुळवून घेण्याची शक्ती जवळजवळ संपलेली असते, म्हणून ही परीक्षा इथे भरवशाची आहे. विशीतल्या माणसावर ती करू नका, तरुण डोळा नको असलेला मायनसही खपवून घेतो आणि वर अक्षर छान काळे दिसते म्हणून सांगतो.

कशानेच फरक पडला नाही, तर काळ्या कार्डाला साधारण एक मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून वाचायला सांगा. छिद्रातून दृष्टी सुधारली तर दोष बहुधा चष्म्याने सुटण्यासारखा आहे. सुधारली नाही, तर मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार असू शकतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत हे हलक्यावर घेऊ नये. त्यांच्या दृष्टिपटलाची थेंब घालून तपासणी नियमित होते का, एवढे विचारण्याचा अधिकार तुम्हाला नक्की आहे. एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली, डोळ्यासमोर प्रकाश चमकला, काळे ठिपके एकदम वाढले, पडदा ओढल्यासारखे झाले, सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर चष्म्याची चर्चा तिथेच थांबवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा.

अंदाजाने नंबर कमी करून देण्याच्या कल्पनेशी मी सहमत नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. लेन्सची जागा चुकलेली असताना नंबर बदलला, तर दोन चुका एकमेकींना झाकतात. काही दिवस बरे वाटते, मग वाचनाची तक्रार सुरू होते आणि मूळ दोष शोधणे अधिक अवघड होऊन बसते. नंबर ठरवणे हे तपासणाऱ्याचे काम आहे. तुम्ही त्यांना कळवायचे ते असे: ‘चष्म्याचा नंबर चिठ्ठीप्रमाणे आहे, फिटिंग क्रॉस बाहुलीसमोर आहे, तरी उजव्या डोळ्याला सरळ पाहताना +०.५० ने एक ओळ सुधारते, आणि तपासणीच्या वेळी मधुमेहाची औषधे बदलत होती.’ असे लिहून पाठवले की कोणालाही त्यात आरोप दिसणार नाही. ‘नंबर चुकला आहे, पुन्हा तपासा’ या निरोपाला मात्र तुम्हाला मिळाले तसेच उत्तर मिळते. दुसरीकडे पाठवण्याची पाळी आलीच तर ती साखर स्थिर झाल्यावर, नाहीतर दुसऱ्या ठिकाणाहून तिसराच नंबर येईल आणि गृहस्थांचा सगळ्यांवरचाच विश्वास उडेल.

तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे अर्धे खरे आहे. जमीन किंचित वर आल्यासारखी वाटणे, मान वळवताना कडेचे हलल्यासारखे दिसणे, पायऱ्यांचा अंदाज चुकणे, हे पहिल्या प्रोग्रेसिव्हला होते आणि रोज चष्मा वापरल्यास बहुतेकांचे एक-दोन आठवड्यांत बरेच कमी होते. मेंदू विकृतीशी जुळवून घेतो. पण सरळ समोर पाहताना लेन्सच्या मधल्या भागातून लांबचे अक्षर पुसट असेल, तर त्या पुसटपणाची सवय व्हावी असे काही डोळ्यात नाही. वरिष्ठांशी वाद न घालता खुणा केलेली लेन्स गृहस्थांच्या चेहऱ्यावर असताना त्यांना एकदा समोर बसवा. अनुभवी माणसाला जागा चुकलेला क्रॉस क्षणात दिसतो.

एक शक्यता तरीही उरते. सगळे बरोबर असूनही काही जणांना प्रोग्रेसिव्ह रुचत नाही. ज्यांना दिवसभर रुंद पडद्यासमोर बसायचे असते किंवा आडवे पडून वाचायचे असते, त्यांना त्याचा अरुंद मधला पट्टा जाचतो. दोन चष्म्यांची अदलाबदल या गृहस्थांना खरोखर त्रासदायक वाटत होती का, की नवा प्रकार चांगला म्हणून कोणी सुचवला आणि त्यांनी घेतला, हे त्यांना मोकळेपणी विचारा. ते पुन्हा दोन चष्म्यांकडे वळले तर त्यात तुमचे, डॉक्टरांचे किंवा त्यांचे अपयश मानायचे कारण नाही.

हे सगळे उलगडायला काही दिवस लागतील. तोवर गाडी चालवताना आणि जिना उतरताना त्यांनी नवा चष्मा घालू नये, तक्त्यावर ज्याने जास्त ओळी वाचल्या तो जुना दूरचा चष्माच वापरावा, असे त्यांना आजच फोन करून सांगा.